मेंदूशास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स वाचायचा कसा?

सप्टेंबर आला की मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी हमखास दिसते. अमुक महाविद्यालयातले प्राध्यापक 'जगातील आघाडीच्या २ टक्के शास्त्रज्ञांत'. सोबत पुष्पगुच्छ स्वीकारतानाचा फोटो आणि मजकुरात स्टॅनफर्ड विद्यापीठाचं नाव. बातमी सहसा खोटी नसते. पण त्या प्राध्यापकांनी नेमकं शोधलं काय, हे तिच्यात क्वचितच सापडतं. सापडतात ते आकडे: इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन्स, एच-इंडेक्स इतका. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की आकडा मोठा आहे, म्हणजे माणूसही मोठाच असणार.

या आकड्यांचा अर्थ लावायचा तर एकाच शास्त्रज्ञाची कारकीर्द नीट उलगडून पाहणं बरं. त्यासाठी मी निवडलेत लंडनचे कार्ल फ्रिस्टन. २०१६ मध्ये सिअॅटलच्या अॅलन इन्स्टिट्यूट फॉर एआयच्या 'सिमॅंटिक स्कॉलर' या शोधयंत्राने न्यूरोसायन्समधल्या सर्वांत प्रभावी संशोधकांची क्रमवारी काढली, तेव्हा पहिलं नाव त्यांचं होतं. त्यांच्या नावावर हजाराहून जास्त शोधनिबंध आहेत, एच-इंडेक्स २०० च्या वर आहे आणि सायटेशन्स काही लाखांत आहेत. तरीही मेंदूशास्त्राबाहेरच्या बहुतेकांनी त्यांचं नाव ऐकलेलं नसतं.

सायटेशन मोजायला सुरुवात कोणी केली?

शोधनिबंध लिहिताना संशोधक आधीच्या कामाचा हवाला देतो: हे अमक्याने दाखवलं आहे, ही पद्धत तमक्याची आहे. असा एक हवाला म्हणजे एक सायटेशन. तो कौतुकाचाच असेल असं नाही. 'अमक्याचा निष्कर्ष चुकीचा आहे' असं लिहिलं तरी अमक्याच्या खात्यात एकाची भर पडतेच.

हे हवाले पद्धतशीर मोजायची कल्पना अमेरिकेच्या यूजीन गारफिल्ड यांची. १९५५ मध्ये त्यांनी ती 'सायन्स'मध्ये मांडली आणि १९६४ पासून फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' छापायला घेतला. उद्देश साधा होता. एखादा जुना निबंध हाताशी असेल, तर त्याच्यानंतर त्या विषयात काय काय घडलं याचा माग काढता यावा. ते शोधायचं साधन होतं. माणसांना गुण द्यायला त्याचा वापर नंतर सुरू झाला, आणि पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

एच-इंडेक्स काढायचा कसा?

२००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी हे माप सुचवलं. शास्त्रज्ञाचे सगळे निबंध सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत जायचं. समजा एखाद्याच्या सहा निबंधांना अनुक्रमे ९०, ४०, १२, ७, ५ आणि ३ सायटेशन्स मिळाली आहेत. पाचव्या क्रमांकाच्या निबंधाला निदान पाच आहेत, सहाव्याला मात्र सहा नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ५.

आता यातल्या पहिल्या निबंधाला ९० च्या जागी ९,००० सायटेशन्स आहेत असं धरा. एच-इंडेक्स तरीही ५ च राहतो. एखाद-दुसऱ्या गाजलेल्या निबंधावर नाव काढणाऱ्यापेक्षा सातत्याने बऱ्यापैकी काम करणारा या मापात वर जातो. हर्श यांना तेच हवं होतं. पण शोध लावणारी माणसं नेहमी सातत्याचीच असतात असं कुठे आहे? शिवाय हा आकडा फक्त वाढतो. शास्त्रज्ञ निवृत्त होऊन बागकाम करत असला तरी तो वाढू शकतो. म्हणून तिशीतल्या संशोधकाची साठीतल्याशी तुलना या आकड्यावर करणं अन्यायाचं आहे. २०२० मध्ये खुद्द हर्श यांनीच लिहिलं की या मापाचे त्यांना अपेक्षित नसलेले दुष्परिणाम होऊ शकतात.

आकडा कुठून घेतलाय हेही पाहावं लागतं. गुगल स्कॉलर प्रबंध, प्रकाशनपूर्व मसुदे असं बरंच काही मोजतं, त्यामुळे तिथला आकडा जवळजवळ नेहमीच मोठा असतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे शोधनिबंधांचे माहितीकोश निवडक जर्नलंच धरतात. एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन एच-इंडेक्स असतात, आणि बायोडेटात कोणता लिहिला जातो ते सांगायला नको.

फ्रिस्टन यांच्या लाखो सायटेशन्सचं रहस्य

फ्रिस्टन शिक्षणाने मनोविकारतज्ज्ञ. १९९० च्या सुमारास ते लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात होते. मेंदूची छायाचित्रं काढणारी यंत्रं तेव्हा नवी होती आणि त्यांतून येणाऱ्या आकड्यांचं करायचं काय, हा प्रश्न होता. स्कॅनमध्ये मेंदूचे हजारो बारीक घन तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा आकडा येतो. माणूस शब्द वाचत असताना यातले कोणते तुकडे 'खरोखर' जास्त काम करत होते आणि कोणते निव्वळ योगायोगाने, हे ठरवायला संख्याशास्त्र लागतं. फ्रिस्टन यांनी त्याची रीत बसवली. तिचं नाव स्टॅटिस्टिकल पॅरामेट्रिक मॅपिंग, एसपीएम. त्यांनी तिचं सॉफ्टवेअर बनवलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांना फुकट वाटलं. पुढे जॉन अॅशबर्नर यांच्यासोबत त्यांनी मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतल्या करड्या द्रव्याचं प्रमाण तुलनेने मोजायची पद्धत २००० मध्ये मांडली. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतला स्मृती आणि जागेचं भान सांभाळणारा भाग) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, हा गाजलेला निष्कर्ष त्याच वर्षी याच पद्धतीने निघाला.

ज्याने ज्याने एसपीएम वापरलं, त्याने पद्धतीच्या परिच्छेदात फ्रिस्टन यांचा हवाला दिला. कोणी स्किझोफ्रेनियावर काम करत होतं, कोणी संगीतावर, कोणी डाव्या हाताने लिहिणाऱ्यांवर. विषय कुठलाही असो, हवाला तोच.

पुरणयंत्र बनवणाऱ्याचं नाव जर प्रत्येक पुरणपोळीवर छापायचं ठरलं, तर महाराष्ट्रातला सर्वांत थोर बल्लवाचार्य तोच ठरेल. त्याने पोळी लाटलेली नसते. पण त्याचं यंत्र नसतं तर होळीला घरोघरी काय हाल झाले असते, हेही खरंच. फ्रिस्टन यांच्या सायटेशन्सचा फार मोठा वाटा असा आहे. तो त्यांनी रास्तपणे कमावला आहे, फक्त तो 'हे यंत्र किती घरांत आहे' एवढंच सांगतो.

त्यांचा दुसरा वाटा अगदी वेगळ्या जातीचा आहे. २००५ नंतर ते एका मोठ्या सिद्धांताकडे वळले: मेंदू पुढे काय होणार याचे अंदाज सतत बांधतो आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतली तफावत कमीत कमी ठेवायचा प्रयत्न करतो, मग ते अंदाज बदलून असो वा जगात काही कृती करून. याला 'फ्री एनर्जी प्रिन्सिपल' म्हणतात. २०१० मध्ये 'नेचर रिव्ह्यूज न्यूरोसायन्स'मध्ये त्यांनी तो सविस्तर मांडला. हे लिखाण कळायला अवघड म्हणून कुप्रसिद्ध आहे, आणि या सिद्धांताची प्रयोगाने परीक्षा तरी कशी घ्यायची यावर आजही वाद आहे. त्या निबंधाला मिळालेल्या सायटेशन्समध्ये भक्त आहेत, टीकाकार आहेत, आणि न वाचता ओझरता उल्लेख करणारेही असणार. एच-इंडेक्समध्ये पुरणयंत्राची सायटेशन्स आणि या वादाची सायटेशन्स एकाच रांगेत उभी असतात.

ब्रश कोणत्या हातात धरता?

सायटेशन्स आणि महत्त्व यांचं नातं किती चमत्कारिक असू शकतं, याचं माझं आवडतं उदाहरण आर. सी. ओल्डफील्ड यांचा १९७१ चा निबंध. विषय: माणूस उजखुरा की डावखुरा हे कसं ठरवायचं. एक छोटी प्रश्नावली. लिहिता कोणत्या हाताने, चित्र कोणत्या हाताने काढता, दात घासायचा ब्रश, कात्री, चमचा, काडी ओढताना काडी कोणत्या हातात, झाडू धरताना वरचा हात कोणता. बस्स. एडिंबरा प्रश्नावली म्हणून ती ओळखली जाते आणि तिला वीस हजारांहून अधिक सायटेशन्स मिळाली आहेत.

कारण असं की बहुतेक उजखुऱ्यांमध्ये भाषेचं काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालतं, डावखुऱ्यांमध्ये यात फरक जास्त आढळतो. गोंधळ टाळायला कित्येक प्रयोगांत फक्त उजखुरी माणसंच घेतात. मग निबंधात एक वाक्य येतं, 'सर्व सहभागी उजखुरे होते', आणि त्यापुढे ओल्डफील्ड यांचा हवाला. या एका वाक्याच्या जोरावर तो निबंध मेंदूशास्त्रातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांत जाऊन बसला.

ऑलिव्हर लॉरी यांची गंमत याहून मोठी. एकेका चेतापेशीतलं रसायन मोजण्याइतक्या सूक्ष्म पद्धती विकसित करणारा हा शास्त्रज्ञ, पण १९५१ चा त्यांचा सर्वाधिक उद्धृत निबंध आहे द्रावणात प्रथिन किती ते मोजण्याच्या रीतीवर. तीन लाखांहून अधिक सायटेशन्स. लॉरी यांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं होतं की हा काही थोर निबंध नव्हे, पण लोकांचा प्रतिसाद पाहून मनातून मजा वाटते.

यंत्रातच खोट निघाली तर?

२०१६ मध्ये स्वीडन आणि इंग्लंडच्या तीन संशोधकांनी, आंदर्स एक्लुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुट्सन यांनी, एक सरळसोट तपासणी केली. ४९९ निरोगी माणसांचे नुसते पडून असतानाचे मेंदूचे स्कॅन घेतले आणि जणू त्यांनी एखादं काम केलं होतं असं धरून विश्लेषण चालवलं. अशा विश्लेषणात काहीच सापडायला नको. फार तर १०० त ५ वेळा चुकून काहीतरी 'उजळलेलं' दिसेल. एसपीएम आणि तिच्यासारख्या इतर लोकप्रिय सॉफ्टवेअरांच्या काही वापरात हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेलं.

लगेच मथळे आले: ४०,००० अभ्यास रद्दबातल! तो आकडा मूळ निबंधातच होता, पण लेखकांनी तो नंतर दुरुस्त केला. निकोल्स यांच्या हिशेबाने खरोखर धोक्यात असलेले अभ्यास साधारण ३,५०० होते. फ्रिस्टन यांच्या गटाचं उत्तर असं की कोणता तुकडा 'उजळला' म्हणायचा याचे ढोबळ उंबरठे न वापरता नियमाप्रमाणे कडक उंबरठा लावला तर एसपीएम बरोबर चालतं. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. यंत्रात मर्यादा होती आणि हजारो लोकांनी ती न पाहता यंत्र फिरवलं होतं. आणि एक्लुंड यांच्या निबंधाने फ्रिस्टन यांचा हवाला दिलाच, त्यांच्या निबंधाला उत्तर देणाऱ्यांनीही दिला. हिशेबात तो शाबासकीइतकाच भरतो.

निबंधच मागे घेतला, तर सायटेशन्स वजा होतात ना?

नाही होत. अल्झायमरच्या संशोधनातलं हे प्रकरण तर ताजं आहे. २००६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या सिल्वेन लेस्ने, कॅरन अॅश आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दावा केला की अॅमिलॉइड बीटा या प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार उंदरांची स्मृती बिघडवतो. जुलै २०२२ मध्ये 'सायन्स'च्या शोधवृत्ताने दाखवलं की त्यातल्या प्रतिमांमध्ये फेरफार झाल्याच्या खुणा आहेत. त्या आधी टिपल्या होत्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मॅथ्यू श्रॅग यांनी. २०२४ च्या जूनमध्ये निबंध मागे घेतला गेला. लेस्ने सोडून बाकी सगळे लेखक राजी झाले. तोवर त्याला जवळपास २,५०० सायटेशन्स मिळून चुकली होती.

ती सगळी जिथल्या तिथे आहेत. ज्यांनी हवाला दिला त्यांचे निबंध काही पुन्हा छापले जात नाहीत. एक गैरसमज मात्र टाळायला हवा: अल्झायमरचं सगळं संशोधन या एका निबंधावर उभं नव्हतं. अॅमिलॉइडबद्दलचे मुख्य पुरावे, विशेषतः आनुवंशिक आजाराच्या कुटुंबांतले, आधीचे आणि स्वतंत्र आहेत. म्हणजे २,५०० वेळा उल्लेख होऊनही त्या निबंधावर प्रत्यक्षात फारसं काही टेकलेलं नव्हतं. माझ्या मते सायटेशन्सच्या आकड्याबद्दलची सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

चांगलं काम शेवटी वर येतंच, नाही का?

येतं, पण मापं तोवर थांबत नाहीत. जर्नलचा दर्जा सांगायला 'इम्पॅक्ट फॅक्टर' वापरतात: जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना या वर्षी सरासरी किती सायटेशन्स मिळाली. दोनच वर्षं! १९७१ मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी 'ब्रेन रिसर्च'मध्ये पाच पानांची टिपणवजा नोंद छापली. मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ७६ पेशींपैकी ८ पेशी उंदीर ठरावीक जागी असतानाच चेतत होत्या. 'प्लेस सेल्स'चा हा पहिला पुरावा. ओकीफ यांना नोबेल मिळालं २०१४ मध्ये, ४३ वर्षांनी.

उलटही घडतं. चेतापेशीतून विद्युत संदेश कसा जातो हे स्क्विडच्या जाड चेतातंतूवर दाखवणारे हॉजकिन आणि हक्सली यांचे १९५२ चे निबंध आज इतके मुरले आहेत की कित्येकदा त्यांची समीकरणं वापरताना हवाला द्यायची गरजच वाटत नाही.

मग ती २ टक्क्यांची यादी खोटी आहे का?

खोटी नाही, पण बातमीत लिहितात तशीही नाही. ती स्टॅनफर्ड विद्यापीठाची अधिकृत क्रमवारी नाही. तिथले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ती तयार करतात आणि एल्सेविअर ही प्रकाशन कंपनी ती प्रसिद्ध करते. विज्ञानाच्या १७४ उपशाखा पाडून प्रत्येकीतले वरचे २ टक्के त्यात घेतात. यादीत दोन लाखांहून अधिक नावं असतात. क्रम लावायला सहा घटक एकत्र करतात, त्यांत एकूण सायटेशन्स आणि एच-इंडेक्स आहेतच, शिवाय संशोधक एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक असलेल्या निबंधांना वेगळं वजन आहे. हे शहाणपणाचं आहे. मेंदूशास्त्रात शेवटचा लेखक सहसा प्रयोगशाळेचा प्रमुख असतो, आणि एनिग्मासारख्या जागतिक प्रकल्पांच्या निबंधांवर शेकडो लेखक असतात. साध्या एच-इंडेक्समध्ये त्या शेकडोंपैकी प्रत्येकाला पूर्ण गुण मिळतात.

याद्या मुळात दोन आहेत: एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षाची. बातमी कोणत्या यादीची, हे पहिल्यांदा विचारावं. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे तिथे असतात, आणि २०२४ पासून मागे घेतलेल्या निबंधांची संख्याही. फाइल कोणालाही उतरवून घेता येते.

आकडे नकोत, तर मग काय, वशिला?

सर्वांत जड आक्षेप हा आहे, आणि तो आपल्याकडे जास्त लागू पडतो. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेक्ट विद्यापीठाने नेमणुका आणि बढत्यांत इम्पॅक्ट फॅक्टर न वापरण्याचं ठरवलं, तेव्हा शंभराहून अधिक डच संशोधकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला: मोजता येणारं काढून टाकलं तर मनमानी येईल. ज्याची कुठे ओळखपाळख नाही अशा उमेदवाराला आकडा हा आधार असतो. मुलाखतीत 'आमचा माणूस' बसवायचा असेल तेव्हा त्याचा आकडा कमी असणं अडचणीचं ठरतं. हा फायदा मी कमी लेखणार नाही.

पण आपण आकड्यांचं काय केलं तेही पाहू. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीला गुणांची पद्धत आणली आणि निबंध छापण्याला गुण लावले. मागणी तसा पुरवठा: पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारी जर्नलं बोकाळली. त्यांना आळा घालायला आयोगाने मान्य जर्नलांची यादी केली. २०१८ मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये त्या यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा नमुना तपासला, तर त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक जर्नलं निकृष्ट दर्जाची असावीत असं निघालं. मग नवी, काटेकोर 'केअर' यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चाललं. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवरच सोपवली.

वशिला आणि आकडा यांच्यामध्ये एक तिसरी रीत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे निधी मागणाऱ्या संशोधकाला २०१५ पासून बायोडेटात आपली जास्तीत जास्त पाच योगदानं शब्दांत लिहावी लागत. प्रश्न काय होता, सापडलं काय, त्यात माझा हात कुठे होता. फ्रिस्टन यांनी एसपीएम असं लिहिलं की परीक्षकाला ते यंत्र आहे हे कळतं, आणि फ्री एनर्जी लिहिलं की तो वाद आहे हे कळतं. ओकीफ यांना ७६ तल्या ८ पेशी लिहिता आल्या असत्या. मात्र यासाठी परीक्षकाने ते निबंध उघडून वाचायला लागतात, आणि एका जागेसाठी दीडशे अर्ज आले की तो वेळ निवड समितीच्या वेळापत्रकात कुठे धरलेला दिसत नाही.